डिझेलच्या टाकीतलं पाणी

सूर्यभान मिस्त्रीला इंजिनाचं दुखणं नुसत्या आवाजावरून कळतं, असं नगरच्या मोटारस्टँडामागच्या सगळ्या गॅरेजांत बोललं जायचं. हे बोलणं पहिल्यांदा कुणी सुरू केलं म्हणाल, तर खुद्द सूर्यभाननंच. पण माणूस कामाचा होता, हेही तितकंच खरं. वीस वर्षांत त्याचं निदान चुकलं नव्हतं, आणि चुकलं असेल तर तसं तोंडावर सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

त्र्याहत्तर सालचा चैत्र होता. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता आणि पाथर्डीकडच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते. गाडीमालक आप्पासाहेबांनी आपल्या जुन्या डिझेल ट्रकच्या पाठीवर पाण्याची लोखंडी टाकी बसवली होती, आणि सरकारनं तो ट्रक पाणी वाहायला लावला होता. करंजी घाटाच्या अलीकडे पाणी भरायचं, घाट ओलांडून तिसगावच्या पुढे चिंचाळवाडीला जायचं आणि तिथल्या कोरड्या विहिरीत ते ओतायचं. मग बायका ते शेंदून घ्यायच्या. घराला दोन हंडे. ट्रक आला नाही, तर तेही नाहीत.

आणि ट्रक महिन्यात तीनदा वाटेत बंद पडला. ड्रायव्हर आसाराम दर वेळी एकच सांगायचा. गाडी नीट चालत असते, मग झटके देते, पांढरा धूर सोडते आणि गप्प होते. पहिल्या खेपेला सूर्यभानला वाटलं, पाइपात कुठंतरी हवा शिरतेय. त्यानं सगळे सांधे आवळले, पंपावरचा स्क्रू ढिला करून हवा काढली, गाडी सुरू झाली. दुसऱ्या खेपेला त्यानं फिल्टर बदलला. तिसऱ्या खेपेला मात्र वैतागून डिझेलच्या टाकीखालचं बूच काढलं आणि पहिली धार काचेच्या बाटलीत धरली. बाटली जरा वेळ फळीवर ठेवली. वर पिवळं डिझेल आलं, खाली चार बोटं स्वच्छ पाणी.

सूर्यभान बघतच राहिला. ज्या पाण्यासाठी माणसं उन्हात तासन्‌तास तिष्ठत होती, ते पाणी डिझेलच्या टाकीत.

"वरची पान्याची टाकी गळत असंल, मिस्त्री," आसाराम म्हणाला.

सूर्यभाननं तीही शंका ठेवली नाही. वरची टाकी काठोकाठ भरून पाहिली. थेंब गळला नाही. ज्या पंपावर डिझेल भरत, तिथलं डिझेल बाटलीत धरून पाहिलं. तेही स्वच्छ. मग उरलं काय? डिझेल काढून विकायचं आणि आप्पासाहेबांची मापाची काठी ओली व्हावी म्हणून टाकीत पाणी ओतायचं. ड्रायव्हर लोकांच्या या असल्या लबाड्या सूर्यभानला तोंडपाठ होत्या.

गॅरेजात तेव्हा दहा-बारा माणसं होती. सूर्यभाननं सगळ्यांना दिसेल अशी बाटली वर धरली. "आसाराम, तू चोर हायेस," तो म्हणाला.

आसारामचं तोंड पांढरंफटक पडलं. "मिस्त्री, पोरांची आन घेतो. म्या टाकीला हात लावला न्हाई."

"गाडी शपथंवर चालत न्हाई," सूर्यभान म्हणाला. माणसं हसली.

आप्पासाहेबांनी शनिवारी किल्ली ठेवून जायला सांगितलं. दुष्काळात पाण्याच्या गाडीचं डिझेल विकणारा म्हणून एकदा नाव झालं, की साऱ्या जिल्ह्यात त्याला कुणी स्टिअरिंगला हात लावू देणार नव्हतं. आसारामनं पाय धरले. तोवर कुणालाही माझ्याबरोबर धाडा म्हणाला.

"सूर्यभान, तूच जा," आप्पासाहेब म्हणाले. "आन गावातल्या कुनी गाडीला हात लावला असंल, तर तसं सांग. तहसीलदाराला कळवून त्या गावची खेपच बंद करतो. न्हाईतरी त्यो रस्ता माज्या गाडीच्या स्प्रिंगचे पाटे मोडतोय."

गुरुवारी सकाळी सूर्यभाननं डिझेलची टाकी आतून पुसून काढली, आपल्या हातानं डिझेल भरलं. टाकीचं झाकण कधीच हरवलं होतं. तोंडाला चिंधीचा बोळा असायचा, तो त्यानं स्वतः दाबून बसवला आणि आसारामशेजारी जाऊन बसला. दिवसभर त्यानं आसारामची पाठ सोडली नाही. आसाराम बिडी ओढायला उतरला की हाही उतरायचा. चिंचाळवाडीत पाणी ओतताना हा विहिरीच्या काठावर त्याच्याशेजारी उभा. आसारामनं डिझेलच्या टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आणि परतताना, तिसगावच्या अलीकडे, गाडीनं झटके दिले, पांढरा धूर सोडला आणि ती थांबली.

सूर्यभाननं फिल्टरचं भांडं खोललं. तळाला पाणी होतं. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. पुन्हा लावलं. हा माणूस दिवसभर त्याच्या नजरेसमोर होता. म्हणजे दहा माणसांत बाटली नाचवून तो जे बोलला, ते चुकीचं होतं. आसारामनं मुकाट्यानं पाना पुढं केला, आणि ते सूर्यभानला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

शुक्रवारी पुन्हा टाकी पुसून दोघं निघाले. चिंचाळवाडीत आसाराम टाकीची नळी घेऊन विहिरीकडे गेला, सारा गाव त्याच्यामागे गेला, आणि सूर्यभान गाडीच्या एका बाजूला चाकाला टेकून झोपेचं सोंग घेऊन बसला. गाडीखालून त्याला पलीकडची, डिझेलच्या टाकीजवळची जमीन दिसत होती. थोड्या वेळानं तिथं दोन पाय आले. भेगाळलेले, अनवाणी, सावकाश चालणारे. बोळा उपसल्याचा आवाज झाला. मग बुडबुड असा आवाज.

सूर्यभान उठून पलीकडे धावला. सत्तरीची एक म्हातारी, डोळ्यांवर पांढरा पडदा आलेला, टाचा उंचावून डिझेलच्या टाकीत तांब्या रिकामा करत होती.

"म्हातारे, काय करतीस?"

"पानी पाजतीया," ती शांतपणे म्हणाली. जणू हे विचारायचं काम नव्हतं. "म्या बनुबाई. ह्या समुरल्या घरात ऱ्हाती."

"कुनाला पाजतीस?"

"गाडीला. मागच्या महिन्यात त्यो डायवर दारात आला हुता. म्हनला, आजी, तांब्याभर पानी दे, गाडी लई तहानलीया. म्या दिलं. मंग माज्या ध्यानात आलं. एवढं लांबून आमच्यासाटी पानी घिऊन येती बिचारी, आन तिला कुनी इचारत न्हाई. दारात आल्याला बिनपान्याचा जातो व्हय कदी?"

उकळलेल्या इंजिनासाठी आसारामनं एकदा तांब्याभर पाणी मागितलं होतं, एवढीच काय ती गोष्ट. "अगं, त्ये पानी म्होरं रेडिएटरमंदी वततात," सूर्यभान म्हणाला.

"म्होरलं तोंड लई उंच हाय, माजा हात पुरत न्हाई. मंग ह्ये खालचं गावलं." ती थांबली. "तोंड कुटंबी असलं, तरी प्वाट येकच आसंल की."

"आन ह्ये पानी कुटनं आनतीस?"

"माज्या वाट्याचं. मी येकटीच हाय. घराला दोन हंडं मिळत्यात, त्यातलं म्या जपून ठिवती."

सूर्यभाननं तिच्या दुसऱ्या हातातला बोळा काढून घेतला. आपण ज्याला चोरी म्हणून नाचलो, ते एका म्हातारीच्या तोंडचं पाणी होतं. तिनं तहान मारून वाचवलेल्या त्या पाण्यानंच गाडी अडत होती आणि तिच्याच गावाचं पाणी अडत होतं. आणि हे तिला ठाऊक नव्हतं.

आसाराम केव्हा मागे येऊन उभा राहिला, कळलंच नाही. त्यानं सगळं ऐकलं होतं. हाकेच्या अंतरावर साऱ्या गावच्या बायका उभ्या होत्या. एक आरोळी ठोकली असती, तर पन्नास साक्षीदार मिळाले असते आणि तो सुटला असता. सूर्यभान त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

आसारामनं म्हातारीच्या हातातला तांब्या घेतला. तळाशी घोटभर उरलं होतं, ते प्यायला. "आजी, गाडीला म्या वाटंतच पाजत आसतो," तो म्हणाला. "उद्यापास्नं तिला देऊ नगंस. जास्त झालं की तिला बादतंय. तुजं तू पी."

"मंग तुला तरी घोटभर दिऊ दी," म्हातारी म्हणाली.

"मला दे."

ती घरात जाऊन तांब्यात घोटभर पाणी घेऊन आली, ते आसारामनं पिऊन टाकलं. विहिरीत पाणी ओतून झाल्यावर दोघांनी गाडी गावाबाहेर नेली आणि उतारावर डिझेलची टाकी रिकामी केली. पाणी मातीत जिरताना सूर्यभानला बघवेना.

"वरडला का न्हाईस?" त्यानं विचारलं.

"काय वरडू? बायांनी म्हातारीला खाल्ली आसती. आन आप्पासाहेब काय म्हनलेत, तुमी ऐकलंय. खेप बंद झाली, तर ह्यांनी कुटं जायाचं?"

"आन तू?"

"शनवारी किल्ली ठिवतो," आसाराम म्हणाला आणि बरोबर आणलेल्या कॅनमधलं डिझेल टाकीत ओतायला लागला.

सूर्यभान रस्त्याच्या कडेला बसला. या माणसाला त्यानं चोर म्हटलं होतं, आणि लोकांना हसवलं होतं.

शनिवारी आप्पासाहेब गॅरेजात आले, तेव्हा माणसं जमलेलीच होती. ड्रायव्हरची किल्ली काढून घेतात ते बघायला माणसं न बोलावता जमतात. आसारामनं किल्ली पुढं केली.

"थांब," सूर्यभान म्हणाला. "आप्पासाहेब, पानी माज्यामुळं हुतं. मागं टाकी पान्यानं धुतली, ती नीट वाळवली न्हाई. कोपऱ्यात पानी ऱ्हायलं, त्येच दर बारीला वर येत हुतं. आता साफ केलीया. गाडी थांबायची न्हाई."

कोपऱ्यातला घण थांबला. आप्पासाहेब त्याच्याकडे अविश्वासानं बघत राहिले. "तू? तुजी चूक?"

"माजी."

"मंग माज्या गाड्या आता दुसऱ्या मिस्त्रीकडं जातील, सूर्यभान."

"जाऊ द्या."

आसाराम काहीतरी बोलायला पुढं झाला. सूर्यभाननं डोळ्यानंच त्याला गप्प केलं. इथवर सगळं खोटं तो खणखणीत आवाजात बोलला होता, वीस वर्षं निदान सांगत आला तसा. मग तो जमलेल्या माणसांकडे वळला.

"ह्या मानसाला म्या तुमच्यासमुर चोर म्हनलो," तो म्हणाला, "त्यो चोर न्हाई." एवढं एकच त्यात खरं होतं, आणि ते बोलताना त्याचा आवाज असा फुटला, की त्याला पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करावं लागलं.