हमज़ुल्फची चिठ्ठी

कोशकाराच्या कचेरीतला नियम भारी कडक. प्रत्येक शब्दाच्या चिठ्ठीवर एक जिवंत वाक्य हवं, कोणाच्या तरी तोंडून सहज निघालेलं, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. वदवून घेतलेलं चालायचं नाही. नियम त्यानेच घातला होता आणि आता त्याच्याच अंगाशी आला होता.

शब्द होता 'हमज़ुल्फ', म्हणजे उर्दूतला साडू. मूळ फारसी; हम म्हणजे एकच, ज़ुल्फ म्हणजे केसांची बट. पुल्लिंगी, अनेकवचनातही तसाच राहणारा. सगळं झकास जमलं होतं, वाक्य तेवढं नव्हतं. उद्या पान छपाईला जाणार होतं आणि वाक्याविना शब्द गळणार होता.

बायको उर्दू घरातली. ती म्हणाली, "तो शब्द साडू एकमेकांसाठी वापरतात. मी कशाला बोलू? जा की माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडे."

घोडं तिथेच तर पेंड खात होतं. तीन वर्षांपूर्वी त्या घड्याळजी साडूने मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली, तर या शहाण्याने लाल शाईने सात चुका दुरुस्त करून ती परत धाडली. लग्नाला जायची मग सोयच उरली नाही. चूक आपली, हे त्याला केव्हाच कळलं होतं. पण कोणत्या तोंडाने जाणार?

शेवटी धडधाकट घड्याळ मुद्दाम बंद पाडून स्वारी दुकानात पोचली.

"बसा साहेब," साडू भिंगाआडून म्हणाला. तासभर गिऱ्हाइकं आली नि गेली. साडू त्याला कधी 'साहेब' म्हणे, कधी 'हे गृहस्थ', पण हवा तो शब्द काही ओठांवर येईना. मिशीत मात्र हसत होता. बायकोने फोन केलेला असणार.

एक म्हातारे गिऱ्हाईक जाता जाता थबकले. "हे कोण?"

साडूने भिंग उतरवलं. "यही मेरे हमज़ुल्फ हैं."

कोशकाराने झटक्यात चिठ्ठी आणि पेन्सिल काढली.

"अच्छा, ते हेच का?" म्हातारे खूश झाले. "पोरीच्या लग्नात तुमच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची अडवून ठेवली होती यांनी. कुणाला बसू देईनात. परदेशी गेलेत, येतील म्हणाले. कधी परतलात?"

साडू मान खाली घालून काटे जुळवत राहिला. कोशकाराने पेन्सिल खिशात घातली. चिठ्ठी कोरीच राहिली.

"आज," तो म्हणाला. "आजच परतलो."