काहून

अनिमेषची जपानच्या कंपनीत निवड झाली. पण हे आपण लगेच विसरून जाऊ, कारण त्याच्या आईने, हेमलताबाईंनी, घरात ही गोष्ट घडलेलीच नाही असं जाहीर केलं आहे.

तर, जे घडलंच नाही ते असं घडलं. जबलपूरला, सदर भागातल्या घरात अनिमेष लॅपटॉपसमोर मुलाखतीला बसला होता. वर शर्ट-टाय, खाली घरचा पायजमा. पलीकडे कोबायाशीसाहेब. पुण्याजवळच्या कारखान्यात बरीच वर्षं काढल्याने त्यांना मराठी कळायची, पण बोलताना हिंदीच यायची. म्हणजे जबलपूरच्या कुठल्याही मराठी पोरासारखी त्यांची गत.

"मशीन का नट ढीला हो गया," ते म्हणाले. "क्यों?"

"व्हायब्रेशन की वजह से, सर."

"वो क्यों? जड़ तक जाइए. हमारे यहाँ क्यों पूछते ही रहते हैं."

अनिमेषची गाडी तिथेच अडकली. नेमक्या त्याच वेळी हेमलताबाई पोह्यांची बशी घेऊन आल्या.

"तोंड काहून उतरलं रे?"

"आई, जा ना! नट ढिला झाला."

"काहून?"

"कोणी कसला नसेल."

"काहून?"

"पाना जागेवर नसेल."

"काहून?"

"कोणी घरी नेला असेल!"

"काहून?"

"नळ गळत होता म्हणून," पेपरामागून आवाज आला. हे भाऊराव, अनिमेषचे बाबा, एका कारखान्यातून निवृत्त. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पाना अजून घरीच आहे.

"मग परत काहून नाही नेला?"

"नळ अजून गळूनच राहिला ना!"

कोबायाशीसाहेब उठले आणि वाकले. पडद्यावर आधी त्यांचा पट्टा दिसला, मग टक्कल. कारखान्यात तीन इंजिनियर लावूनही इतक्या मुळाशी कोणी पोचलं नव्हतं म्हणे.

पण हेमलताबाई आता थांबणार थोड्याच होत्या!

"अन् तू जपानला काहून जाऊन राहिला?"

"मशीनचं काम शिकायला."

"इथं काहून नाही?"

"इथं मशीन बंद पडली की आधी नारळ फोडतात, आई. तिथं कारण शोधतात. मला ते कारण शोधायचं आहे."

हे तो पहिल्यांदाच खरं बोलला होता. कोबायाशीसाहेबांनी मान डोलावली आणि हळूच विचारलं, "माताजी, आप क्यों पूछ रही हैं?"

हेमलताबाईंनी बशीकडे पाहिलं. पदराने बशीची कड पुसली. ती स्वच्छच होती.

"पोहे थंडे होऊन राहिले," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

कारण सगळ्यांना कळलं. कोणी पुढे काहून विचारलं नाही.

एप्रिलमध्ये रुजू व्हा, असा मेल आला. अनिमेष बॅग भरतो, हेमलताबाई रिकामी करतात. शेवटी भाऊरावांनी चष्मा चढवला आणि बायको सांगेल तसा अर्ज कंपनीला लिहिला:

"महोदय, सविनय निवेदन की, अर्जदाराचा मुलगा एकुलता एक असून त्यास परदेशी पोहे मानवत नाहीत. तरी जपान देश, समुद्रासह किंवा समुद्र वगळून, एप्रिलपूर्वी जबलपूरजवळील पनागरच्या अलीकडे हलवण्यात यावा. रस्ता चांगला आहे, ऑटो मिळते. मंजुरी मिळताच पाना जमा करण्यात येईल."