विकत घेतलेला आठवडा

मी आइसबॉक्स बोलतोय. सहलीला कोल्ड्रिंकच्या बाटल्या भरून नेतात तो नव्हे, मासे वाहणारा. माझ्या भिंती तीन बोटं जाड आहेत. अलास्कात, सोल्डॉटना गावात राहतो. आता अंगात पूर्वीचा दम नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. साच्यातून निघालो, झाकण बसलं, दुकानात आलो. पहिला मालक टेक्सासहून मासे पकडायला आलेला एक पाहुणा. त्याने मला इतकं ठासून भरलं की विमानतळावरच्या बाईने वजनकाट्याकडे नुसतं बोट दाखवलं. मग त्याने मासे पिशव्यांत कोंबले आणि मला फुटपाथवर सोडून दिलं. हाव त्याची, आणि रस्त्यावर मी.

तिथून मला आर्विड हेग्लंडने उचललं. आर्विड रस्ते बांधणाऱ्या यंत्रांचा मिस्त्री. हात मोठे, बोलणं कमी. त्याने मला आतून सोड्याने घासलं, झाकणावर आपलं आडनाव रंगवलं आणि म्हणाला, "चांगला आहे." त्यानंतर इतक्या वर्षांत त्याने माझं कौतुक केलं नाही. मलाही गरज वाटली नाही.

जुलैत समुद्रातले सॅमन मासे मुखातून नदीत चढतात. गावचे लोक कमरेइतक्या गार पाण्यात लांब दांड्याची जाळी धरून उभे राहतात. आर्विड पाण्याकडे बघून सांगायचा, "अर्ध्या तासात येतील." यायचे. भरतीचा त्याचा अंदाज कधी चुकला नाही. म्हणूनच तारीख-वेळेच्या बाबतीत तो कोणाचं ऐकून घेत नसे. मी वाळूत बसून राही आणि भरत जाई. ते काम मला आवडायचं.

फेब्रुवारीतलं काम वेगळं.

माणसं घर घेतात, जमीन घेतात. हेग्लंडांनी आठवडा घेतला होता. हवाईत, माउई बेटावर, समुद्रकाठी खोल्यांची एक वसाहत आहे. तिथली एकेक खोली बावन्न घरांत वाटलेली. प्रत्येकाचा वर्षातला एक आठवडा. मरेपर्यंत, आणि वारस सावध नसले तर मेल्यावरही. याला टाइमशेअर म्हणतात. आर्विड निवृत्त झाला त्या हिवाळ्यात तो, त्याची बायको मार्लिस, मार्लिसची थोरली बहीण लव्हॉन आणि तिचा नवरा व्हर्लिन असे चौघे तिथे गेले. फुकटच्या नाश्त्याला म्हणून बसले आणि दुपारी मालक होऊन उठले.

दोघी बहिणींचं माहेर नॉर्थ डकोटात. लव्हॉन तिकडेच राहिली, व्हर्लिनच्या बीटच्या शेतावर. मार्लिस लग्न करून अलास्कात आली. मध्ये एवढा मुलूख, की वर्षानुवर्षं भेट नाही. म्हणून दोघींनी हट्टाने एकच आठवडा मागून घेतला, वर्षातला सातवा. व्हर्लिनने नव्या इमारतीत समुद्र दिसणारी खोली घेतली. "समुद्र मी घरीही बघतो," म्हणून आर्विडने जुन्या इमारतीत तळमजला घेतला. नव्या इमारतीत माणसं शुक्रवारी बदलतात, जुन्या इमारतीत शनिवारी, सफाईवाल्यांवर एकदम भार पडू नये म्हणून. म्हणजे व्हर्लिन-लव्हॉन एक दिवस आधी येणार आणि एक दिवस आधी जाणार. मधले सगळे दिवस दोघी बहिणींचे.

या एका आठवड्यासाठी आर्विड वर्षभर जुळवाजुळव करी. तिकिटं निघाली की त्याच सकाळी घेई. कुत्रा कोणाकडे, अंगणातला बर्फ कोण काढणार, घरातले नळ गोठू नयेत म्हणून शेगडी किती ठेवायची, सगळं ठरलेलं. शेवटी मी. दगडासारखे गोठलेले मासे वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यात रचायचा, न्हाणीतल्या वजनकाट्यावर मला चढवायचा, वजन जास्त भरलं की एक पाकीट काढायचा आणि झाकणाला चिकटपट्टीचे वेढे द्यायचा. अलास्काचा माणूस माशाशिवाय हवाईला जात नाही. अँकरेजच्या विमानात माझ्यासारखे कितीतरी असतात. जाताना पोटात मासे, येताना अननस. ओझं उतरलं म्हणेपर्यंत दुसरं चढतं.

पहिल्या रात्री चौघांनी माझं झाकण मिळून उघडायचं आणि दोघी बहिणींनी सॅमन लोण्यात परतायचा, हा रिवाज. दहा वर्षं चालला.

मग ते वर्ष आलं. आर्विड-मार्लिसची मुलगी कारी अँकरेजला असते. ती शरदातच म्हणाली होती, "बाबा, तिकिटं काढण्याआधी मावशीला एक फोन करून तारीख विचारून घ्या ना."

"दहा वर्षांत विचारली नाही."

"म्हणून काय झालं?"

"सातवा आठवडा म्हणजे सातवा आठवडा. मला मोजता येतं."

जानेवारीत माझी बिजागरी निखळली, म्हणून आर्विडने मला स्वयंपाकघरात आणलं होतं. तो रिबीट ठोकत होता, मार्लिस टेबलाशी बसून फोनवर बोलत होती. बहिणीचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा असा लावला होता. लव्हॉन वर्षभर हृदयाच्या दुखण्याने आजारी होती.

"डॉक्टर म्हणतात, एवढंच विमान," लव्हॉन म्हणाली. "पुढच्या वर्षी नाही. आठवडाही परत देऊन टाकायचा म्हणतोय हा. कोणी घेईल तर."

"ताई, तसं बोलू नकोस."

"बोलले नाही तर हृदय बरं होणार आहे का? जाऊ दे. शुक्रवारी अठराला पोचतो आम्ही."

आर्विडची हातोडी थांबली. "अठराला? एकोणीसला आम्ही निघतोय."

पलीकडून व्हर्लिन ओरडला, "निघताय म्हणजे? आम्ही येतोय आणि तू निघतोयस? साडू, मी काय तुझं घोडं मारलंय?"

मग खूप गोंधळ झाला. शेवटी कारीने फोनवर समजावलं. त्या वर्षी एक जानेवारी शनिवारी आली होती. जुनी इमारत पहिल्या शनिवारपासून आठवडे मोजते, म्हणून तिचा पहिला आठवडा त्याच दिवशी लागला. नवी इमारत पहिल्या शुक्रवारपासून मोजते, आणि पहिला शुक्रवार सात तारखेला. नेहमी एक दिवस पुढे असणारी नवी इमारत त्या वर्षी सहा दिवस मागे पडली. यांचा सातवा आठवडा संपतो तिथे त्यांचा सातवा सुरू.

आर्विडने बरोबर मोजलं होतं. व्हर्लिननेही बरोबर मोजलं होतं. भांडायलासुद्धा जागा नव्हती.

कारीने वसाहतीच्या कचेरीत फोन केले. तिथली मुलगी फार गोड बोलली. अदलाबदल करायची तर वर्षभर आधी सांगावं लागतं, आणि फेब्रुवारीत अख्ख्या बेटावर खोली नाही. विमानंही शाळांच्या सुट्टीमुळे भरलेली. दोन बहिणींच्या वाट्याला एक संध्याकाळ उरली.

"आमच्या खोलीत सोफा आहे," व्हर्लिन म्हणाला. "उलगडला की पलंग होतो. चौघांना परवानगी आहे. या दोघंही."

"मी दुसऱ्याच्या सोफ्यावर झोपत नाही," आर्विड म्हणाला. "ज्याचा आठवडा त्याची खोली."

मार्लिसने उठून भांडी घासायला घेतली. भांडी स्वच्छ होती.

ठरल्या शनिवारी आम्ही माउईला पोचलो. मार्लिसने तवा काढला. आर्विड माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "उघडायचं नाही."

"अरे, सहा दिवस टिकणार आहेत का?"

"टिकवू."

खोलीतल्या फ्रिजच्या बर्फकप्प्यात चार पाकिटं मावली. बाकीची माझ्यात राहिली. माझ्या झाकणाला चीर गेलेली, दुरुस्त केलेली बिजागरी तिरकी बसलेली. एका प्रवासापुरता मी होतो. त्या ऊन देशात सहा दिवसांसाठी नव्हे. आर्विड सकाळ-दुपार व्हरांड्यातल्या यंत्रातून बादली भरून बर्फ आणी, वितळलेलं पाणी सोडून देई, माझ्यावर ओला टॉवेल घाली. समुद्रावर तो एकदाही गेला नाही. जेवायला पाव आणि अंडी.

शेजारच्या खोलीतला एक गृहस्थ रोज ते बघत होता. शेवटी त्याने विचारलंच, "काय हो, आत कोणाला ठेवलंय?"

"मेहुणीचं जेवण आहे," आर्विड म्हणाला.

"मोठी मेहुणी दिसते."

आर्विड हसला नाही. मार्लिस मात्र हसली, आणि मग आत निघून गेली.

बुधवारी मला कळलं की मी हरतोय. गारवा धरून ठेवायचा म्हणजे काय, हे ज्याने धरला नाही त्याला सांगून कळणार नाही. कडेची पाकिटं मऊ पडू लागली. आर्विडने हात घालून बोटाने दाबून बघितली. एक-एक करून मऊ पाकिटं वर काढली आणि बर्फाला लावून पुन्हा रचली. आजारी माणसाची कूस बदलावी तशी. मी जीव एकवटून राहिलो. म्हातारपणी एवढं काम कोणी सांगत नाही. सांगितलं तर टाळताही येत नाही.

गुरुवारी मार्लिस किनाऱ्यावर गेली असताना तो माझ्याच झाकणावर बसला आणि त्याने कारीला फोन लावला.

"तुझ्या आईचं शनिवारचं तिकीट बदल. पुढच्या शुक्रवारचं बघ... एकच जागा आहे ना? एकच हवीय."

कारी काहीतरी म्हणाली.

"मी तिथे काय करू? त्यांना बोलायचंय. मी बसलो की तुझी आई माझ्या जेवणाकडे बघत बसते." मग तो म्हणाला, "आणि तिला सांगू नकोस. नाही म्हणेल."

चूक झाली असं तो म्हणाला नाही. तो म्हणणारा नाही.

शुक्रवारी दुपारी व्हर्लिनची गाडी आली. लव्हॉन उतरली. पूर्वी ती जाड होती. आता व्हर्लिनने तिला धरून उभं केलं होतं. मार्लिस धावत गेली आणि तिच्यापाशी पोचून थांबली, मिठी मारली तर मोडेल की काय अशी.

"बघतेस काय? पोरी, अजून आहे मी," लव्हॉन म्हणाली.

संध्याकाळी समुद्राच्या बाजूच्या गॅलरीत चौघांनी माझं झाकण उघडलं. मधले मासे अजून कडक होते. आर्विडने एक पाकीट उचलून टेबलावर आपटलं, टणक आवाज आला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मला तेवढं पुरलं.

लव्हॉन चुलीशी उभी राहू शकत नव्हती. तिने खुर्चीवर बसून हुकूम सोडले आणि मार्लिसने परतलं.

"लोणी कमी घालतेस. आईसारखी चिक्कू आहेस."

"आणि तू आईसारखी बोलतेस."

"साडू," व्हर्लिन म्हणाला, "सहा दिवस नुसती अंडी खाल्लीस म्हणे. उद्या विमानात आरवू नकोस म्हणजे झालं."

"तू खा," आर्विड म्हणाला. "थंड होतंय."

दोघी फार जेवल्या नाहीत. माहेरच्या गावात कोण गेलं, कोणाचं घर पडलं, चर्चमध्ये आता कितीजण येतात, हेच चाललं होतं. एक संध्याकाळ म्हणून भरभर बोलत होत्या. एकीचं वाक्य दुसरी तोडत होती. ऐकवत नव्हतं.

सकाळी खोली सोडायची होती. आर्विडने आपली बॅग गाडीत टाकली, मग मला टाकलं. मार्लिसची बॅग दिसेना.

"माझी बॅग?"

"त्यांच्या खोलीत ठेवलीय."

"का?"

"कारीने तिकीट बदललंय. शुक्रवारी ये."

"आणि तू?"

"कुत्रा आहे. बर्फ काढायचाय."

"बर्फ तो टॉमसन काढतोय. पैसे दिलेत त्याला."

"नीट काढत नाही."

"अरे, पण जेवणाचं तुझ्या..."

"मार्लिस," तो म्हणाला, "ती वर एकटी बसलीय. जा."

ती दोन पावलं गेली, परत आली, त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि गेली. जिन्यावरून तिची पावलं ऐकू आली. पळत होती. या वयात.

परतीच्या वाटेवर मी रिकामा होतो. अननस घ्यायचं त्याला सुचलं नाही. रिकाम्या पेटीला चिकटपट्टी कशाला लावलीत, असं विमानतळावर एकाने विचारलं. आर्विडने मला उचलून सामानाच्या पट्ट्यावर ठेवलं. तो आठवडा घरात त्याने रोज स्वतःच्या हाताने सगळा बर्फ काढला. टॉमसनने काढलेला सुद्धा.

शुक्रवारी तो तीन तास गाडी चालवून अँकरेजला तिला आणायला गेला. वाटेत किराणा घ्यायचा म्हणून मी मागे होतो. ती बाहेर आली, उन्हाने लाल झालेली, डोळे सुजलेले. त्याने बॅग माझ्याशेजारी ठेवली.

"झालं का सगळं बोलून?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "ते कुठे होतंय."

तो मान हलवून गाडीत बसला. पाऊण वाट सरल्यावर तीच बोलू लागली आणि घर येईपर्यंत बोलत राहिली. आर्विडने एकदाही तोडलं नाही.

लव्हॉन जूनमध्ये गेली.

माझी बिजागरी त्याच उन्हाळ्यात पुरती तुटली. आता मी गॅरेजमध्ये असतो. पोटात गाडीच्या साखळ्या, वर रंगाचे डबे. माशांसाठी नवा आइसबॉक्स आणलाय, चाकांचा. मला फेकू नका असं मी म्हणणार नाही. ज्याचं काम संपलं त्याने जागा अडवू नये. पण तुमचंही कोणी माणूस लांब असेल आणि भेटीचा आठवडा ठरलेला असेल, तर माझं एवढं ऐका. तुम्ही कितीही बरोबर मोजत असाल, तरी फोन उचला आणि तिला विचारा, कधी येतेस. जास्त बोलवत नाही. झाकण लावतो.