उशीची पाठवणी

या मित्रांनो, असे जवळ या. मागे बसलेल्यांनीही थोडे पुढे सरका. माझा आवाज कोरडा आहे आणि फार लांब जात नाही. एका उशीची दोनदा पाठवणी कशी झाली, ती गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. गोष्ट मोठी नाही, पण ती सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

मी एक जुना खोका आहे. पुठ्ठ्याचा, मातकट रंगाचा, कोपरे मऊ पडलेला. माझा जन्म रद्दीतून झाला. कुणाच्या वह्या, कुणाची वर्तमानपत्रे, कुणाच्या लग्नाच्या पत्रिका एका मोठ्या हौदात भिजल्या, त्यांचा लगदा झाला आणि लगद्याचे कागद झाले. दोन सपाट कागदांच्या मध्ये चुण्यांचा एक कागद चिकटवला, तो माझा देह. देवाने तुम्हाला हाडे दिली, मला चुण्या दिल्या. त्यांच्या जोरावर मी पहिल्या फेरीत काचेच्या बरण्या वाहून नेल्या आणि एकही फुटू दिली नाही. दुकानदार माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "गडी पक्का आहे." बरण्या फळीवर गेल्या आणि त्याच संध्याकाळी त्याने मला मागच्या बोळात फेकले. कौतुक आणि बोळ यांत फारसे अंतर नसते, हे मी तेव्हाच शिकलो.

बोळातून मला आत्याने उचलले. ती सगळ्या गल्लीची आत्या होती. तिने बाजारात फळ दाबून पाहावे तसे माझे चारही कोपरे अंगठ्याने दाबून पाहिले आणि मला काखेत मारून जिना चढली.

तिची खोली म्हणजे एक खिडकी, एक शिलाई मशीन आणि भिंतीला टेकवलेले फोमचे जाड तक्ते. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे, अस्तराच्या चिंध्या आणि तिचा चष्मा, जो तिला कधीच सापडत नसे. आत्या चाकांच्या खुर्चीसाठी उश्या शिवायची. ज्यांना दिवसभर बसूनच राहावे लागते, त्यांच्या अंगाखाली कडक जागा आली की कातडी दुखावते, मग जखम होते आणि ती जखम लवकर भरत नाही. म्हणून ती फोमचे थर कमीजास्त कापून मध्ये खोलगट जागा ठेवायची. शिवण नेहमी खालच्या अंगाला, म्हणजे वर बसणाऱ्याला टोचू नये. शिवताना ती देवाचे नाव गुणगुणत असे आणि मशीन तिला साथ देई. उशी तयार झाली की ती तिला मांडीवर घेऊन थोपटायची आणि म्हणायची, "चल बाई, आता तुझी पाठवणी." खोक्यात घालून पाठवण्याच्या त्या सगळ्या कामाला तिच्या घरात पाठवणीच म्हणत.

पूर्वी गिऱ्हाईक जिना चढून यायचे, आत्या खुर्चीचे माप विचारायची, मग शिवायची. पण जिना कितीजण चढणार? तिचा सख्खा भाचा सारखा मोबाइलला चिकटलेला असे. ती त्याला 'बिनतारी' म्हणायची. त्याने तिचे दुकान इंटरनेटवरच्या मोठ्या बाजारात मांडले. फोटो त्याने काढले, किमती त्याने लिहिल्या, खोके कुरिअरच्या काउंटरवर तोच नेई. उशी लहान की मोठी, एवढेच गिऱ्हाइकाने सांगायचे, माप विचारायची आता गरज नाही, असे त्याने आत्याला पटवले. मागण्या वाढल्या. वर्षाच्या आत जुन्या मशीनच्या जागी विजेवर चालणारे नवे मशीन आले. आत्याने त्याच्यावरून हात फिरवला आणि भाच्याच्या डोक्यावरूनही फिरवला. तो म्हणाला, "दुकान चाललंय आत्या, तू फक्त शिव."

अशाच एका दिवशी माझ्यात एक मोठी निळी उशी बसली. भाच्याने मला काउंटरवर नेले. तिथल्या बाईने मला काट्यावर ठेवले, माझी लांबी, रुंदी, उंची मोजली. मी वजनाला हलका, पण जागा पुष्कळ अडवतो, आणि मोटारीत जागेचेही भाडे असते, त्यात अन्याय काही नाही. तिने यंत्रातून एक चिठ्ठी काढून माझ्या कपाळावर चिकटवली. वजन किती, माप किती, भाडे किती, सगळे तिच्यावर छापलेले होते. भाच्याने ते भरले. मी प्रवासाला निघालो.

मी पोहोचलो ते एका निवृत्त मास्तरांच्या घरी. तळमजल्याची खोली, खिडकीशी चाकांची खुर्ची, खुर्चीत त्यांची बायको. तिच्या अंगाखाली चौघडी केलेले घोंगडे होते. मास्तरांनी मला कापायला कात्री शोधली, पण तिने सांगितले, "कापू नका, नीट उघडा. चांगला खोका आहे." मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला उद्देशून बोललेले ते सर्वांत मायेचे वाक्य.

उशी बाहेर आली. तिने ती गालाला लावून पाहिली. मग मास्तरांनी ती खुर्चीत ठेवली, आणि उशी बसेना. खुर्चीच्या दोन हातांमध्ये ती वर उचललेलीच राहिली, कमानीसारखी. मास्तरांनी दाबली, तिरकी केली, उलटी केली. मोठी म्हणून मागवलेली उशी खुर्चीपेक्षा चार बोटे रुंद होती. शेवटी त्यांनी ती परत माझ्यात घातली आणि घोंगड्याची घडी पुन्हा खुर्चीत गेली.

परत पाठवण्याचे भाडे मास्तरांनी भरले. माझ्या कपाळावर पहिल्या चिठ्ठीशेजारी दुसरी आली आणि मी आत्याच्या खोलीत परतलो. आजवर तिची एकही उशी परत आली नव्हती, त्यामुळे काउंटरवरची चिठ्ठी लागलेला खोका ती पहिल्यांदाच पाहत होती. पण तिचे लक्ष चिठ्ठीकडे गेले नाही. तिने उशी बाहेर काढून तपासली, कुठे उसवली आहे का ते बघितले आणि उगाच खट्टू होऊन बसली.

दुकानाच्या नियमाप्रमाणे भाच्याने उशीची किंमत मास्तरांना परत केली. त्यानंतर मास्तरांचा फोन आला. आत्याचे दोन्ही हात मशीनवर गुंतले होते, म्हणून तिने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

मास्तर भांडले नाहीत. उशी फार सुबक आहे, चूक मापाची आहे, असे त्यांनी आधी सांगितले. मग थोडे थांबून म्हणाले, "पण ताई, एक विचारू का? उशीची किंमत एवढीशी, आणि तिला आणायचे पैसे तिच्या तिप्पट. ती काय पालखीत बसून आली होती का?"

आत्या हसली. तिला वाटले, मास्तर विनोद करताहेत.

"मला परत मिळाली ती एवढीशी किंमत," मास्तर म्हणाले. "आणायचे गेले, परत पाठवायचे गेले. आता दुसरी उशी घ्यायला पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं लागेल. ते असू दे. पण खोक्यावरच्या चिठ्ठीत भाडं लिहिलं होतं, ते मी वाचलं. तुम्ही आमच्याकडून घेतलं त्याच्या निम्मंसुद्धा नाही ते. तुमचा हिशेब चुकला असेल, म्हणून सांगितलं."

मागून एक थकलेला आवाज आला, "अहो, जाऊ द्या ना. ताई, शिवण फार छान होती हो."

मशीन थांबले. आत्याने मला जवळ ओढले. चष्मा या वेळी तिच्या डोक्यावरच होता, तो तिने खाली घेतला आणि माझ्या कपाळावरच्या पहिल्या चिठ्ठीतला आकडा मोठ्याने वाचला. पुन्हा वाचला. "मास्तर, मी विचारून सांगते," एवढेच ती बोलली.

संध्याकाळी भाचा आला. आत्याने त्याला आधी चहा दिला. त्याने कप खाली ठेवला. मग तिने मला त्याच्यासमोर ठेवले.

तो लपवायला गेला नाही. त्याने सगळे समजावून सांगितले, जसे आपण लहान मुलाला समजावतो. त्या बाजारात ज्याची किंमत कमी त्याचे दुकान वर दिसते. शिवाय बाजारवाले आपला वाटा किमतीतून कापतात, पाठवण्याच्या खर्चातून नाही. म्हणून किंमत खाली ठेवायची आणि उरलेले पाठवण्याच्या खर्चात घालायचे. सगळे तसेच करतात. गिऱ्हाईक शेवटी एकूण रकमेला तयार होतेच की.

"पण उशी परत आली तर?" आत्याने विचारले.

"तर किंमत परत द्यायची. पाठवायचा खर्च परत देत नाही कुणी."

"म्हणजे एवढीशी रक्कम परत द्यायची आणि मोठी ठेवून घ्यायची."

भाचा चिडला. "आत्या, हे मशीन आकाशातून पडलं का? त्यातूनच आलं ना?"

आत्याचा हात मशीनवर होता. तो तिने हळूच काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "उशी महाग वाटली तर न घेऊ देत. माझ्या हाताची किंमत मी तोंडावर सांगेन. पण पाठवणीत कुणी आपली तुंबडी भरतं का रे?"

आत्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे त्याला भांडताही येईना. तिने त्याला सांगितले, की खोक्याचे घाल, चिकटपट्टीचे घाल, तुझ्या जाण्यायेण्याचे घाल, त्यात लाज नाही. पण ज्याचे पैसे त्याच्या नावाने माग. आणि खुर्चीचे माप विचारल्याशिवाय माझी उशी दाराबाहेर जाणार नाही. त्याने तिच्यासमोर बसून आकडे बदलले. उठताना म्हणाला, "आता बघ, कुत्रं फिरकणार नाही."

त्यानंतर बरेच दिवस तो आला नाही; हे सारे मला पुढे आत्याच्या फोनवरच्या बोलण्यातून कळले. आत्याने नव्या मशीनवर चादर टाकली आणि कोपऱ्यातले जुने मशीन पुढे ओढले. पायाने चालवताना तिचे गुडघे दुखत. शेवटी भाचाच एका सकाळी आला, चादर काढून बाजूला टाकली आणि म्हणाला, "मशीननं काय पाप केलंय?" मग खाली बसून जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून निरोप पाठवू लागला, जास्त घेतलेले परत करायचे म्हणून. काहींनी उत्तर दिले. पुष्कळांनी दिलेच नाही.

निळ्या उशीचे काम मात्र आत्याने दुसऱ्याच दिवशी हातात घेतले होते. मास्तरांना फोन करून त्यांच्याकडून खुर्चीच्या हातापासून हातापर्यंतचे माप घेतले. शिवण उसवली, फोम कापला, पुन्हा शिवली. माझे कोपरे आता लेचेपेचे झाले होते, तिने त्यांना दुहेरी चिकटपट्टी लावली. भाडे तिने स्वतः भरले. मास्तरांचे राहिलेले सगळे पैसे आधीच पाठवून दिले होते. मला काउंटरवर ठेवताना ती म्हणाली, "लवकर पोच हो." हे ती उशीला म्हणाली की मला, ते देव जाणे.

मी माझ्या परीने लवकरच पोहोचलो. पण मास्तरांच्या दाराला कुलूप होते. शेजारच्या बाईने मला घेऊन आपल्या चपलांच्या फळीवर ठेवले. तिच्या बोलण्यातून कळले, की घोंगड्यावर बसून बसून मास्तरांच्या बायकोला जखम झाली होती, ती चिघळली आणि तिला इस्पितळात न्यावे लागले. मी फळीवर पडून होतो. माझ्या पोटात ती उशी होती, बरोबर मापाची, खोलगट, शिवण खाली केलेली. मित्रांनो, मी बरण्या वाहिल्या आहेत, पण एवढे जड ओझे मी कधी वाहिले नाही.

मास्तर एकदा कपडे न्यायला आले, तेव्हा त्यांनी मला उघडले. उशी खुर्चीत ठेवली. ती नीट बसली. त्यांनी तळहाताने ती मध्यभागी दाबून पाहिली, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि कपड्यांची पिशवी घेऊन निघून गेले.

पुढे त्यांची बायको घरी आली. आता ती बहुतेक वेळ उजव्या कुशीवर पडून असते. डॉक्टरांनी खुर्चीत थोडाच वेळ बसायला सांगितले आहे, आणि कधीकधी तेवढेही होत नाही. मी तिच्या खाटेखाली असतो. माझ्यात कापूस, पट्ट्या आणि मलमाच्या नळ्या ठेवल्या आहेत. माझी काही तक्रार नाही. खोक्याला म्हातारपणी याहून चांगली जागा कुठली मिळणार?

मित्रांनो, घरी खोका आला तर त्याला फाडू नका, तो अजून कुणाचे काहीतरी सांभाळू शकेल. काही विकत घ्याल तेव्हा वस्तूची किंमत आणि ती आणायचा खर्च, दोन्ही वाचा. खर्च अवाच्या सवा वाटला तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन काही विकायला बसलात, तर जो खर्च खरोखर होतो तेवढाच त्या नावाने मागा. बाकी हवे ते उघडपणे मागा. उरलेला आकडा कुणाच्या अंगावर जाऊन बसतो, ते विकणाऱ्याला दिसत नाही.

आत्याकडे मागण्या खरोखरच कमी झाल्या आहेत. तिला आता वेळ असतो. ती दर आठवड्याला फोन करते आणि विचारते, "आज किती वेळ बसलात हो?"

मास्तरांची बायको त्याच निळ्या उशीवर डोके ठेवून, पडल्या पडल्याच सांगते, "पुष्कळ वेळ बसले ताई. आत्ताच उठले बघा. फार मऊ आहे हो तुमची उशी."

खुर्ची बहुतेक दिवसभर रिकामी असते, हे मला खाटेखालून दिसते. तरी तिचा आवाज जराही हलत नाही. झोपताना देवाला हात जोडाल तेव्हा माझी आठवण ठेवू नका, मी पुठ्ठ्याचा आहे. तिची ठेवा.