उसनं अंग

मी एक जुनी गादी आहे, पण माझ्यावर कधी कोणी झोपलेलं नाही. माझ्यावर मुलं पडतात. पांडेसरा या कापड गिरण्यांच्या वस्तीत बुद्धविहाराला लागून पत्र्याचा हॉल आहे. तिथे ज्युदोचा वर्ग भरतो. केशरबाईंनी साड्यांच्या चिंध्या ठासून भरून, वर जाड ताडपत्री लावून मला शिवलं. त्यांचे यजमान भाऊराव दिवसा मिलमध्ये कापड रंगवत आणि संध्याकाळी इथे शिकवत.

मित्रांनो, भाऊराव नव्या मुलांना आधी पडायला शिकवत, पाडायला नंतर. ते म्हणत, "समोरचा स्वतःचं अंग उसनं देतो, म्हणून तुम्हाला डाव शिकता येतो. उसनं घेतलेलं धडधाकट परत करायचं." म्हणून पाडणाऱ्याने जोडीदाराची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, असा इथला नियम.

साक्षीला हे पाठ होतं, पटलेलं नव्हतं. वर्गात तिच्याइतकी चपळ कोणी नव्हती. एकदा पाहुणे बघायला आले, तेव्हा तिने जोडीदार चैतालीला उचलून टाकलं आणि टाळ्यांसाठी हात वर करायला बाही सोडून दिली. चैताली खांद्यावर आदळली. खांदा निखळला.

भाऊराव ओरडले नाहीत. दवाखान्यातून आल्यावर एवढंच म्हणाले, "साक्षी, आता तू कोणाला पाडायचं नाही. फक्त पडायचं."

"किती दिवस, सर?"

"ते मला विचारू नकोस."

सुरुवातीला ती माझ्यावर रागाने पडायची, लाकडासारखी ताठ. लहान मुलं तिला वाकडंतिकडं खेचायची. हळूहळू तिचं अंग सैल झालं. कोणाचा पाय कुठे अडतो, कोण कशाला घाबरतं, हे तिला पडता पडता कळू लागलं. मग ती मुलांना सांभाळून घेऊ लागली.

खांदा बरा झाल्यावर चैताली आली, पण माझ्या कडेलाच उभी राहिली.

"भीती वाटते गं."

"मग तू मला पाड," साक्षी म्हणाली. "पडायचं काम माझं."

रोज तेच चालू झालं. साक्षीची आई वैशालीताई एकदा दारातूनच म्हणाल्या, "अगं, राज्याच्या स्पर्धेची निवड तोंडावर आली आणि तू नुसती पडतच बसलीस?"

"मम्मी, तिचा हात अजून मोकळा होत नाहीये."

निवड आमच्याच हॉलमध्ये झाली; त्यासाठी भाऊरावांनी साक्षीला पुन्हा पाडायची मोकळीक दिली. शेवटी या दोघीच समोरासमोर आल्या आणि चैताली जिंकली. साक्षीने वाकून नमस्कार केला, मग कोपऱ्यात जाऊन टॉवेलमध्ये तोंड खुपसून खूप वेळ रडली. मी ते लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली आणि मला झाडू लागली.

भाऊराव म्हणाले, "आज घरी थांबली असतीस तरी चाललं असतं."

"चैतालीला राज्याच्या स्पर्धेसाठी सरावाला कोणीतरी लागेल ना, सर."

भाऊरावांनी तिच्या हातातला झाडू घेतला आणि माझा उरलेला भाग स्वतः झाडला.

आता माझ्यात गोळे झालेत. फोमच्या नव्या गाद्या आल्या, मी भिंतीकडेला गेले. मला अधूनमधून ऊन दाखवा, पाय पुसून माझ्यावर या. आणि मित्रांनो, माझ्यावर कोणाला पाडलंत, तर तो उठून उभा राहीपर्यंत तिथून हलू नका.