कार्ताहेनाच्या दुपारी

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. समुद्राला खेटून एक शहर आहे. त्याच्याभोवती दगडी तट आहे, इतका रुंद की तुमचा निम्मा वर्ग हातात हात घालून त्यावरून चालेल. आत पिवळी, निळी घरं, लाकडी सज्जे आणि सज्ज्यांवरून ओघळणारी बोगनवेल. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातलं हे कार्ताहेना. दिसलं? आता तिथून थेट इंग्लंडमधल्या वॉटफर्डला या, कारण आपली गोष्ट तिथल्या एका स्वयंपाकघरात घडली.

उल्काआजी मेथी निवडत बसली होती. समोर अकरा वर्षांची नात, उर्वी, वही उघडून. ईस्टरच्या सुट्टीत उर्वी आईबाबांबरोबर कार्ताहेनाला निघाली होती. आजी तीस वर्षांपूर्वी गिरीशआजोबांबरोबर तिथे राहून आली होती, म्हणून तिच्याकडून टिप्स घ्यायच्या होत्या. आजीला मात्र कुणी ‘येतेस का’ म्हणून विचारलं नव्हतं. तिथलं ऊन, दगडी रस्ते आणि तिचे गुडघे, एवढं बघून तिच्या मुलानं, समरनं, परस्पर ठरवून टाकलं होतं. पण आजोबा गेल्यापासून तिला एकदा, फक्त एकदा, त्या तटावर जाऊन बसायचं होतं.

“आजी, टिप नंबर वन?”

“सपाट तळव्याचे बूट. पाय मुरगळला की सुट्टी संपली.”

“टू?”

“टॅक्सीत बसायच्या आधी भाडं ठरवायचं. मीटर नसतो.”

“बाबा अ‍ॅप वापरणार आहे.”

“वापरू दे. आमच्या वेळी अ‍ॅप म्हणजे तुझे आजोबा. हॉटेलात विचारून स्पॅनिश आकडा पाठ करायचे आणि टॅक्सीवाल्यासमोर गोंधळून त्याच्या दुप्पट सांगायचे.”

उर्वी खुदकन हसली. “थ्री?”

“अकरा ते चार घरात बसायचं.”

“फाइव्ह अवर्स? ते किती बोअरिंग आहे!”

आजीचा मेथीतला हात थांबला.

“अगं, आम्ही दोघं जळगावचे. उन्हाळ्यात दुपारी दारं-खिडक्या लावून, वाळ्याचा पडदा भिजवून पडून राहायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पण बारा वर्षं इंग्लंडमध्ये काढली आणि इथली खोड लागली. ऊन पडलं की पळा बाहेर! पहिल्याच दिवशी भर साडेबाराला आम्ही तटावर. ह्यांच्या डोक्याला टोपीसुद्धा नाही. अर्ध्या तासात ह्यांना चक्कर आली. स्वतः डॉक्टर, पण कळलं नाही.”

“मग?”

“एक फळवाली आली. दंडाला धरून ह्यांना कमानीखाली सावलीत बसवलं, लिंबाचं पाणी पाजलं, कलिंगडाची फोड हातात ठेवली. आणि आभाळाकडे बोट करून मला काय झाडलंय म्हणतेस! एक अक्षर कळलं नाही, पण माझी आई अगदी तश्शीच बोलायची. जरा बरं वाटल्यावर हे म्हणतात कसे, ‘उल्का, जळगावच्या माणसांना ऊन शिकवायला कोलंबियातली बाई लागली!’”

मग ती दोघं जळगावसारखी राहिली. पहाटेच्या गारव्यात गल्ल्या बघायच्या. टेकडीवरचा किल्ला चढायचा तो उघडल्या उघडल्या, कारण वर सावली नाही. दुपारी पंख्याखाली झोप. पाच वाजता तटावर, समुद्राच्या वाऱ्यात. थर्मास घेऊन फिरणारा माणूस इवल्याशा कपात काळी, गोड कॉफी द्यायचा, म्हणून खिशात सुटे पैसे हवेत. एकदा सूर्य बुडाला तरी आजोबा तिथून उठेनात.

“उठा म्हटलं, तर म्हणाले, ‘थांब गं, अजून थोडं.’” आजी खाली बघून पुन्हा मेथी निवडू लागली.

उर्वीनं लिहिलेलं पहिल्यापासून वाचलं. “आजी, पण तू तिकडे फार चाललीच नाहीस!”

“सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. बाकी बसलो.”

तेवढ्यात समर कामावरून आला. उर्वीनं फ्रिजवर लावलेल्या त्याच्या प्लॅनकडे बोट दाखवलं. “बाबा, तू बारा वाजता किल्ला लिहिलंय. तू आजोबांसारखा चक्कर येऊन पडणार. आणि हे बघ, आजीचा प्लॅन. हा आजीला पण जमतो.”

समरनं वही घेतली. उभ्याउभ्याच दोनदा वाचली.

“आई, तुला यायचं होतं?”

“विचारलंस कधी?”

तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. “चुकलं माझं. चल तू. पण उर्वी, आपल्याकडे चारच दिवस आहेत. असं सावकाश फिरायचं तर बेटांवर जाणाऱ्या बोटीचा दिवस उरत नाही. बघ बाई.”

सगळा हिवाळा उर्वी दर शनिवारी स्विमिंग पूलमध्ये मास्क लावून पाण्याखाली बघायला शिकली होती, ते त्या बोटीतून जाऊन समुद्रातले मासे बघायचे म्हणूनच.

“नको रे,” आजी घाईनं म्हणाली. “पोरीची बोट राहू दे. माझं काय, मी पाहिलंय एकदा.”

उर्वीनं आजीकडे पाहिलं, मग प्लॅनकडे. ओठ घट्ट मिटून ती उठली. तिनं फ्रिजवरचा कागद काढला, मेथीची पानं बाजूला सारून टेबलावर पसरला, ‘बोट’ या शब्दावर जाड रेघ मारली आणि शेजारी चार जणांची नावं लिहायला घेतली. पहिलं नाव आजीचं लिहिलं.