माझ्या पोटातली कामसू पिशवी

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. रंगावरून मला तांबडी म्हणतात. दात झिजले, पाठ खाली बसली, तरी धनजच्या दौलतरावांच्या गोठ्यात पहिली वैरण अजून मलाच पडते. घोडीच्या गोष्टीत लढाई हवी, शर्यत हवी, असे तुम्हाला वाटत असेल. माझ्याकडे तसले काही नाही. मी सांगणार आहे माझ्या पोटातल्या पिशवीविषयी, जिच्यात शिंगरू वाढते. हसू नका, तुम्हीही अशाच पिशवीतून आलात.

पिशवी रिकामी असली की ती झोपलेली असते, असे लोकांना वाटते. छे! उन्हाळ्याच्या तोंडाशी मी माजावर आले की ती सैल पडे आणि मधूनमधून आवळू लागे. घोडा दाखवल्यावर तर तिची धांदलच उडे. बीज वर पोचले की मागे राहिलेला मळ ती आवळून आवळून बाहेर ढकली, अंगण झाडावे तसा. एक-दोन दिवसांत आत सगळे स्वच्छ. माज ओसरला की ती घट्ट होऊन शांत बसे आणि पाहुण्याची वाट पाही.

आता दौलतरावांच्या घरची रीत ऐका. जऊळक्याचा घोडेवाला आपला घोडा दाखवून गेला की ते मला मातीच्या ओट्याशी नेत, मागचे पाय ओट्यावर, पुढचे खाली, आणि दोन दिवस तशीच आवळून बांधत. का, तर बीज सांडू नये! त्यांचे वडीलही असेच करत. माझ्या तरुणपणी पिशवीत जोर होता, तिने हेही सोसले, आणि दोन शिंगरे झाली. पुढे वय वाढले, पिशवी खाली लोंबली. उतार उलटा, हालचाल बंद. बिचारी आवळून आवळून थके आणि मळ आतच साचे. तशा घरात कोणता जीव टिकणार? तीन वर्षे मी रिकामी राहिले.

चौथ्या वर्षी दौलतराव आपल्या बायकोला, मनकर्णाबाईंना म्हणाले, "हे घोडी वांझ झाली वं. औंदा फळली नाही तं पोळ्याच्या आंधी कारंज्याच्या बाजारात देऊन टाकतो."

म्हातारी घोडी बाजारातून कुठे जाते हे मला ठाऊक होते. वीटभट्टीवर. पण खरे सांगते, त्या भट्टीपेक्षा वांझ हा शब्द मला जास्त लागला.

त्याच वर्षी चैत्रात त्यांची लेक विजयमाला बाळंतपणाला आली होती. एके दिवशी सकाळी घोडा दाखवून मला ओट्यावर बांधले आणि दुपारी तिला मुलगी झाली. पण रक्त थांबेना. तेव्हा तांड्यावरच्या हिरीबाई सुईणीला बोलावून आणले. तिने विजयमालाचे पोट चोळले, बाळाला अंगावर पाजायला लावले. पिशवी आवळली, रक्त थांबले, घराच्या जिवात जीव आला. हात धुवायला हिरीबाई अंगणात आली आणि तिची नजर माझ्यावर गेली.

"पाटील, हिले असं काहून टांगलं?"

"बीज सांडन ना, हिरीबाई."

"बीज कवाच वर गेलं. आता आत राह्यली ते घान. तुमच्या पोरीची पिशवी आवळली म्हून ते वाचली ना? हिची बी आवळूनच राह्यली, अन् तुमी तिले काम करू देत नाही. सोडा तिले, चालवा."

दौलतराव मान हलवत म्हणाले, "माह्या बापानं असंच बांधलं, मी बी असंच बांधतो."

मनकर्णाबाई पुढे झाल्या. "पोरीसाठी हिचं आयकलं, मंग घोडीसाठी कायले अडता? सरका तुमी. मी चालवतो तिले."

पदर खोचून त्यांनी मला सोडले आणि नाल्यापर्यंत नेऊन आणले. पाटलीणबाई घोडी फिरवते म्हणून गाव हसले. त्यांनी दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, मला फिरवले. मी चालत गेले तसा मळ गळून गेला आणि पोट हलके झाले.

पुढच्या आठवड्यात तिळाएवढा जीव पिशवीत उतरला. तो एका जागी बसेना. पिशवी त्याला हळूच ढकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवी. बरेच दिवस असे हिंडून तो एका कोपऱ्यात स्थिर झाला. मला पुन्हा माज आला नाही, म्हणजे मी गाभण होते. घोडेवाला पुन्हा आला, तेव्हा मी त्याच्या घोड्याला दोन्ही लाथा दाखवल्या. पोळा आला, गेला; मला कोणी बाजारात नेले नाही.

फाल्गुनात मला शिंगी, म्हणजे मादी शिंगरू, झाली. दौलतराव आधी माझ्याजवळ आले. कपाळावर हात ठेवून म्हणाले, "तांबडे, चूक माही होती. मी तुले वांझ म्हनलो." त्यांचे डोळे भरले होते.

मित्रांनो, मी हिरीबाईची ऋणी आहे, मनकर्णाबाईंची आहे, आणि दौलतरावांचीही आहे. त्यांनी बांधले ते मायेनेच, आणि एका मुक्या जनावरापुढे चूक कबूल केली. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. जनावर पाळा, तर त्याच्या अंगाला आपले काम करू द्या. आणि उद्या तुमच्या घरातल्या एखादीला मूल झाले नाही, तर तिला तो शब्द लावण्याआधी तिचे म्हणणे ऐका. मला बोलता येत नव्हते. तिला येते, पण कोणी बोलू देत नाही.